अकलूजहून न्यूयॉर्क किती लांब?

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलुजात येते. रिंगण होते, मुक्काम पडतो, गावाला भरते येते. त्या गर्दीतल्या एखाद्या वारकऱ्याला "माउली, पंढरपूर किती लांब राहिले?" असे विचारून पाहा. तो किलोमीटर सांगणार नाही. "बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी, मग पंढरी," असे तो बोटांच्या पेरांवर मोजून सांगेल. मोटारवाल्याला जे अंतर तासाभराचे वाटते, ते वारकऱ्याच्या हिशेबी चार दिवसांचे आहे. आणि दोघांचाही हिशेब बरोबर आहे. वाट तीच, पण चालणारा बदलला की अंतर बदलते. आपले पूर्वज वाट कोसांत मोजत, पण बोलताना "दोन मजलांवर", "तीन मुक्कामांवर" असेच म्हणत. अंतर म्हणजे मुळात वेळ, ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती.

आज हा प्रश्न पुन्हा नव्याने विचारण्याचे कारण असे, की अकलूज आणि माळशिरस तालुक्याच्या वाड्यावस्त्यांतून आता पंढरपुराच्या कितीतरी पलीकडे माणसे गेली आहेत. कुणाचा मुलगा अमेरिकेत संगणकाच्या कामावर आहे, कुणाची लेक लग्न होऊन तिकडे नांदते आहे, कुणाचा नातू शिकायला गेला आहे. दिवाळीला फराळाचा डबा जातो, रात्री दूरध्वनीच्या पडद्यावर चेहरे दिसतात, आणि शेजारीण सहज विचारते, "किती लांब आहे हो ते?" आई म्हणते, "लांब आहे बाई फार." बापू म्हणतात, "कसले लांब! पंधरा तासांत विमान पोचते." या दोन उत्तरांत खरे कोणते, याचा निवाडा आज करू या. त्यासाठी आपण न्यूयॉर्क हे एक शहर उदाहरणाला घेऊ. हिशेब कसा मांडायचा हे एकदा समजले, की शिकागो असो वा सिडनी, आकडे ज्याचे त्याने घालावेत.

नकाशावरची रेघ आणि डाळिंबावरचा दोरा

मुंबई ते न्यूयॉर्क हे सर्वांत जवळच्या वाटेने हवेतले अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. अकलुजातून थेट उडता आले असते, तर ते पावणेतेरा हजारांच्या आसपास भरले असते. पण "सर्वांत जवळची वाट" म्हणजे कोणती, इथेच पहिली गंमत आहे.

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ मारा. ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका यांच्यावरून अटलांटिक ओलांडून जाईल. कोणालाही वाटेल, की विमान याच रेघेने जात असणार. पण या वाटेने गेल्यास १४,००० किलोमीटरांहून अधिक उड्डाण करावे लागेल. म्हणजे जवळजवळ दोन तास वाया. खरी जवळची वाट मुंबईहून जी निघते ती तुर्कमेनिस्तानावरून, मॉस्कोच्या बाजूने, स्वीडनवरून थेट आइसलंडच्या जवळ पोचते. तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, कॅनडाच्या लॅब्राडोरवरून ती न्यूयॉर्कला उतरते. पश्चिमेला जायचे, आणि विमान आधी उत्तरेला तोंड करते! पहिल्यांदा प्रवास करणाऱ्याला पडद्यावरची ही वाकडी रेघ पाहून वैमानिक रस्ता चुकला की काय असे वाटल्यास नवल नाही.

याची खात्री घरच्या घरी करून पाहता येते. सोलापूर जिल्ह्यात डाळिंबांना तोटा नाही. एक चांगले गोल डाळिंब घ्या. देठाची बाजू उत्तर ध्रुव समजा. डाळिंबाच्या मधल्या फुगीर रेषेच्या थोडे वर एक टाचणी टोचा, ही मुंबई. आता जवळजवळ पलीकडच्या बाजूला, पण थोडी आणखी वर, दुसरी टाचणी टोचा, हे न्यूयॉर्क. दोन्ही टाचण्यांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आडव्या रेषेने पोटाभोवती फिरणार नाही. तो आपोआप देठाकडे सरकेल. ताणलेला दोरा खोटे बोलत नाही. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट आहे, एवढाच त्याचा अर्थ. गोल फळाची साल काढून पाटावर सपाट दाबली, तर ती कुठे फाटते, कुठे ताणली जाते. नकाशा करणाऱ्यालाही तीच अडचण पडते. म्हणून लांबच्या प्रवासात नकाशावरची सरळ रेघ वाकडी असते आणि वाकडी दिसणारी रेघ सरळ असते.

अर्थात विमानाला दोरा दाखवील त्या वाटेने जायला मिळतेच असे नाही. आकाशालाही वेशी आहेत. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपल्या आकाशाचा बराच भाग बंद ठेवला होता; पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याने भारतीय विमानांना आपले आकाश पुन्हा बंद केले. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियावरून जाणे बंद झाले. अशा वेळी विमान वळसा घालते. वळसा म्हणजे अधिक इंधन. अधिक इंधन म्हणजे अधिक वजन. आणि कधी कधी मध्येच एखाद्या शहरी उतरून टाकी भरून घेणे. दोन देशांत बिनसले, की तिसऱ्याच देशातल्या मुलाला घरी यायला उशीर होतो. भूगोलाच्या पुस्तकात हे अंतर सापडत नाही.

जाताना एक वेळ, येताना दुसरी

आता वेळेकडे वळू. आजची मोठी प्रवासी विमाने तासाला सुमारे ९०० किलोमीटर जातात. साडेबारा हजाराला नऊशेने भागले, की चौदा तास येतात. पण मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायला साधारण साडेपंधरा-सोळा तास लागतात, आणि तिकडून यायला चौदाच्या आसपास. वाट तीच, विमानही तेच, मग दीड-दोन तासांचा फरक कोठून आला?

नीरेच्या पुरात पोहलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. प्रवाहाबरोबर पोहणारा आणि प्रवाहाविरुद्ध पोहणारा यांचे हात सारखेच चालतात. काठ मात्र एकाला लवकर मिळतो आणि दुसऱ्याला उशिरा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमके जिथून विमाने जातात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या अरुंद आणि वेगवान नद्या वाहत असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग तासाला दोनशे किलोमीटरांच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० नंतरच्या काही वर्षांत फुगे सोडून हा वारा मोजला. जगाला कळावे म्हणून त्याने आपला अहवाल एस्पेरांतो या नव्याने घडवलेल्या जागतिक भाषेत लिहिला. परंतु ती भाषा जाणणारेच थोडे, तेव्हा वाचणार कोण? १९४४ मध्ये जपानवर उंचावरून जाणारी अमेरिकन बॉम्बफेकी विमाने या वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे इतरांचे डोळे उघडले.

हल्ली विमानाची वाट रोज नव्याने आखतात ती यासाठीच. जाताना हा वारा टाळायचा, येताना त्याच्यावर स्वार व्हायचे. म्हणून काल ज्या वाटेने विमान गेले, त्याच वाटेने आज जाईल असे नाही. आणि तिकिटावर छापलेली वेळ हा एक अदमास असतो.

घड्याळाचा चकवा

मुंबईहून विमान रात्री दोनला सुटले आणि साडेपंधरा तास उडाले, तर हिवाळ्यात ते न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सातला उतरते. घड्याळ पाहणाऱ्याला वाटते, पाचच तास झाले! येताना उलटा प्रकार. तिथून दुपारी बाराला निघालेला माणूस चौदा तास उडून मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पोचतो. जाताना जो वेळ उधार मिळाला, तो येताना सव्याज नाही तरी पुरेपूर परत द्यावा लागतो.

हे होते ते पृथ्वी फिरते म्हणून. चोवीस तासांत ३६० अंश, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, आणि अकलूज आहे पंचाहत्तर अंशांवर. म्हणजे अकलुजाचा सूर्य आपल्याच घड्याळाच्या अर्धा तास मागे चालतो! मुंबईने तर आपली एकोणचाळीस मिनिटे मागची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास. कारण तिकडे मार्चपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत घड्याळे तासभर पुढे करून ठेवतात. घरच्या माणसांनी एवढे एक कोष्टक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले, तर मुलाला पहाटे तीनला उठवून "जेवलास का?" असे विचारण्याचा प्रसंग येणार नाही.

दोन महिन्यांवरून सोळा तासांवर

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस! वय अठरा, सोबत घरचे कोणी नाही, आणि परतायचे म्हटले तर पुन्हा तेवढाच समुद्र. आणि हे दिवस सुवेझचा कालवा होऊन गेल्यानंतरचे; तो १८६९ मध्ये खुला झाला, तोवर विलायतेच्या बोटी साऱ्या आफ्रिकेला वळसा घालीत.

पुढची प्रगती पायरीपायरीने झाली. १९२९ मध्ये लंडन-कराची विमानटपाल सुरू झाले, ते सात दिवस घेई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपालाचे छोटे विमान स्वतः चालवत आणले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हा अशा मुक्कामांनी लंडनला गेले. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. आणि ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई ते न्यूयॉर्क असे कुठेही न थांबता जाणारे उड्डाण सुरू झाले.

या यादीत एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९६० च्या बोइंगचा वेग आणि आजच्या विमानाचा वेग यांत फारसा फरक नाही. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे काँकॉर्ड १९७६ मध्ये प्रवाशांच्या सेवेत आले आणि २००३ मध्ये निवृत्तही झाले. त्याचा खर्च कोणाला पेलला नाही. म्हणजे गेल्या साठाहून अधिक वर्षांत विमान पळू लागले नाही, त्याने मधले थांबे तेवढे सोडले. आता सोडण्याजोगा थांबाही उरला नाही. हवेतले अंतर जेवढे आटायचे तेवढे आटले. यापुढे अंतर कमी व्हायचे ते जमिनीवर.

अकलूजचा हिशेब

आता बापूंच्या "पंधरा तासांत" या उत्तराची झडती घेऊ. विमान मुंबईहून सुटते. बापू अकलुजात राहतात. अकलूज ते मुंबईचा विमानतळ ही इंदापूर-पुण्यावरून मोटारीची वाट तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. सात तास धरा, आणि पुणे वा पनवेल येथे वाहने खोळंबली तर तासभर वर. विमानतळावर तीन तास आधी हजर. उड्डाण साडेपंधरा-सोळा तास. पलीकडे पासपोर्टची रांग, सामानाची वाट आणि घरापर्यंतचा रस्ता मिळून अडीच-तीन तास. बेरीज तीस तासांच्या घरात जाते. साऱ्या वाटेचे शंभरातले सत्त्याण्णव भाग हवेत आहेत. वेळेचा मात्र निम्मा भाग जमिनीवर जातो. मुंबईच्या विमानतळावर पोचायला अकलूजकराला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात विमान मुंबई-लंडनची बहुतेक वाट तोडून गेलेले असते!

जमिनीवर काही घडत नाही असे नाही. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात झाली. त्यातला तुकोबांच्या वाटेचा रस्ता इंदापूरवरून अकलूजकडे येतो. २०२५ मध्ये सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून प्रवासी विमाने पुन्हा उडू लागली. दिल्लीला उतरून दुसऱ्या विमानाने पुण्याला यावे आणि तिथून चार तासांत अकलूज गाठावे, हाही एक पर्याय आहे. मुलांनी तिकीट काढताना केवळ विमानाचे तास पाहू नयेत. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचे तास मोजावेत. हजार रुपये स्वस्त पडलेले तिकीट पुष्कळदा अर्धा दिवस महाग पडते.

सुखाच्या प्रवासात एवढा हिशेब पुरे. पण ज्या घरातले माणूस सातासमुद्रापार असते, त्या घराला एक दुसराही हिशेब कधी ना कधी करावा लागतो, आणि दिवाळीच्या दिवसांत त्याचा उच्चार केला म्हणून कोणी रागावू नये. घरातले वडीलधारे माणूस जाते. अंगणात मंडळी जमतात. गावाकडे रीत अशी, की दिवस मावळायच्या आत उरकावे, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि कोणीतरी हळूच विचारतो, "थोरल्यासाठी थांबायचे का?" त्या वेळी अंगणातला कोणी म्हणतो, "उद्या सकाळपर्यंत येईल." कोणी म्हणतो, "त्याला जमायचे नाही." अंदाजावर निर्णय होतो, आणि त्या निर्णयाचा सल दोन्हीकडच्या माणसांना जन्मभर राहतो.

तेव्हा हिशेब आधीच करून ठेवू. अकलुजात रात्री आठला बातमी कळली. हिवाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे साडेनऊ. दुपारच्या थेट विमानात जागा मिळून ते गाठता आले तर नशीब थोर. बहुधा संध्याकाळचे, मध्ये एकदा बदलायचे विमान मिळते. ते तिकडच्या रात्री नऊला सुटले, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ, साडेसात. मधल्या थांब्यासह अठरा-वीस तास, म्हणजे मुंबईला पहाटे दीड ते साडेतीन. सामान आणि तपासणी दीड तास, पुढे मोटारीने सात तास. थोरला मुलगा अंगणात पाऊल ठेवतो तेव्हा तिसऱ्या दिवशीचे दहा ते बारा वाजलेले असतात. बातमी लागल्यापासून चाळीस तासांच्या आसपास. हे सर्व सुरळीत झाले तर. पासपोर्टची मुदत संपलेली असली, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाचे ओसीआय कार्ड तयार नसले, किंवा हिवाळ्यात तिकडे बर्फ पडून विमाने अडकली, तर चाळीसचे पन्नास किंवा साठही होतात.

थांबायचे असेल तर चाळीस तासांच्या तयारीने थांबावे: इस्पितळाच्या शवागाराची किंवा घरी शीतपेटीची व्यवस्था पहिल्याच तासात करावी. थांबायचे नसेल, तर तसे मुलाला स्पष्ट सांगावे, म्हणजे तो विमानात बसून खोटी आशा बाळगणार नाही. दहाव्याला, तेराव्याला शांतपणे पोचेल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा धडधाकट असतानाच सांगून ठेवावी. "माझ्यासाठी कोणाची वाट पाहू नका," किंवा "तो आल्याशिवाय हलवू नका," यांपैकी काहीही. ते दोन शब्द नंतरच्या माणसांचा किती भार हलका करतात!

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने १८७० मध्ये जोडले गेले, तेव्हापासून बातमी माणसाच्या पुढे धावते आहे. आज बातमी क्षणात पोचते. माणूस चाळीस तासांनी. मधली खिंड विमान बुजवू शकत नाही. ती बुजवायची तर बातमीच आधी निघाली पाहिजे. आणि आपल्या घरांतून नेमके उलटे होते. बापूंना छातीत कळ आली, अकलूजच्या इस्पितळातून पुण्याला हलवले, तरी आई सर्वांना बजावते, "त्याला कळवू नका, उगीच काळजी करील, रजा मिळायची नाही." दोन दिवस असे जातात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मान हलवतात, आणि मग रात्री तिकडे घंटा वाजते. ज्या दोन दिवसांत तो मुलगा बापाचा हात हाती घेऊन बसू शकला असता, ते दोन दिवस मायेपोटीच खर्ची पडलेले असतात.

म्हणून शेजारणीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे झाले, तर ते असे: न्यूयॉर्क नकाशावर साडेबारा हजार किलोमीटर आहे, विमानाला सोळा तास आहे, अकलूजच्या घराला सुखात तीस तास आणि दुःखात चाळीस तास आहे. यातले पहिले दोन आकडे पृथ्वीने आणि वाऱ्याने ठरवले आहेत. त्यांत आपले काही चालत नाही. शेवटचा आकडा मात्र आपण गप्प राहून वाढवतो. यंदा दिवाळीला मुलाशी बोलाल तेव्हा फराळाची चौकशी झाल्यावर पासपोर्टची मुदत विचारा, आणि त्याला एवढे एक वचन द्या, की इकडे काही कमीजास्त झाले तर त्याच दिवशी कळवू. यायचे की नाही, हे मग त्याचे त्याला ठरवू द्या.